सॉरी नावाची कॅचर

आमच्या सॉफ्टबॉल टीमच्या कॅचरनं एकदा लाकडी बाकाची माफी मागितली होती, आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली. मैदानाच्या कडेचा तो बाक तिच्या गुडघ्याला लागला. चांगला सणसणीत लागला. गुडघा धरून कळवळत ती बाकालाच म्हणाली, "सॉरी." मग आम्ही सगळ्या बघतोय हे लक्षात आल्यावर आम्हालाही म्हणाली. त्या दिवसापासून तिचं नाव सॉरी. ते कुणी पाडलं विचारू नका. अशी नावं पडतात, कुणी पाडत नाही, निदान कबूल तरी करत नाही.

मी त्या टीमची पिचर. चेंडू टाकायचं काम माझं आणि तो झेलायचं तिचं, म्हणजे दोघींचा संसारच म्हणा. माझा राग कायम नाकावर असतो, आई म्हणते तो बिऱ्हाडासकट तिथं राहायला आलाय. आणि ही अशी. मी चुकीचा चेंडू टाकला, तो जमिनीवर आपटून तिच्या मानेला लागला, तरी मास्कच्या आतून आवाज यायचा, "सॉरी."

ती चांगली उंच होती. रुंद खांदे, आणि हात एवढे मोठे की दुकानातला ग्लव्ह तिला घट्ट व्हायचा. पण चालायची अंग चोरून, भिंतीच्या कडेकडेनं. उंच माणसानं अंग चोरलं की ते जास्तच दिसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ती टीममध्ये आली तीही एका काचेमुळे. आमच्या मॅडम, म्हणजे कॉलेजच्या खेळाच्या शिक्षिका, एक फोटो फ्रेम करायला बाजारातल्या दुकानात गेल्या होत्या. काउंटरवरून काचेचा एक तुकडा घसरला. तो खाली पडायच्या आत कोपऱ्यातून एक मोठा हात आला आणि त्यानं काच अलगद झेलली, आवाजसुद्धा न होता. हाताच्या मागे ही होती, दुकान तिच्या मामाचं. काच वाचवून वर मॅडमना सॉरी म्हणत होती. मॅडमनी तिथल्या तिथे विचारलं, "आमच्याच कॉलेजची ना तू? उद्या मैदानावर ये." नाही म्हणायला तोंडातून शब्द फुटायला हवेत. ते फुटले नाहीत, म्हणून ती आली.

झेलायला मात्र तोड नव्हती. काच धरायची सवय असलेले हात. माझा जोरातला चेंडू इतरांच्या ग्लव्हमध्ये थाडकन वाजायचा, तिच्या ग्लव्हमध्ये नुसता जाऊन बसायचा. अडचण आवाजाची होती. कॅचर होम प्लेटच्या मागे बसते, आणि सगळं मैदान समोर दिसतं ते तिला एकटीलाच. किती बाद झाल्या, कोण कुठल्या बेसवर आहे, चेंडू कुठे टाकायचा, हे तिनं ओरडून सांगायचं असतं. मॅडम म्हणायच्या, "कॅचर म्हणजे घरातली कर्ती बाई. तिनं आवाज दिला नाही तर घर बसलं." आमची कर्ती बाई "दोन बाद" असं म्हणायची की वाटावं, परवानगी मागतेय. एकच गोष्ट बरी होती. मास्क चढवला की तिची मान वर यायची. जाळीच्या आड ती जगाकडे सरळ बघायची.

आता आमच्या खोलीचं सांगायला हवं, कारण तो सगळा मोसम आम्ही त्या खोलीसाठी खेळलो.

कपडे बदलायला आम्हाला जागा नव्हती. मुलांच्या टीमना पॅव्हिलियन होतं. आम्ही बायॉलॉजीच्या लॅबमागच्या कोठीत बदलायचो. तिथं फुटक्या बरण्या, जुनी टेबलं आणि एक मानवी सांगाडा होता. सांगाड्याला आम्ही भावोजी म्हणायचो. त्यांच्या फासळ्यांवर टी-शर्ट वाळत घालायचो, आणि बदलताना कुणीतरी हमखास म्हणायचं, "भावोजी, तोंड तिकडे करा जरा." हसून हसून पुरेवाट व्हायची. पण कोठीला कडी नव्हती. एक जण दाराला पाठ लावून उभी राहायची, आणि लॅबचा शिपाई धाडकन दार ढकलायचा. त्या लाजेचं मात्र हसू व्हायचं नाही.

मोसमाच्या सुरुवातीला प्रिन्सिपॉल मैदानावर आले. म्हणाले, आंतरकॉलेज स्पर्धेची ढाल आणलीत तर जिमखान्याशेजारची रिकामी खोली मुलींच्या टीमला देतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर मागून बारीक आवाज आला, "सर, तिला आतून कडी आहे का?" सॉरी होती. तिनं आपणहून प्रश्न विचारलेला आम्ही पहिल्यांदाच ऐकला. सर हसले आणि म्हणाले, आहे की. ती लाल झाली आणि सॉरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला पिशवीतून एक पितळी हुक काढून दाखवला. मामाच्या दुकानातला, फ्रेम टांगायचा. "खोली मिळाली की मास्क टांगायला," ती म्हणाली. ढाल अजून दुसऱ्याच कॉलेजच्या कपाटात होती, आणि हिचा हुक तयार. मला हसू आलं, पण बरंही वाटलं. आमच्यात कुणालाच ती खोली एवढी हवी नव्हती.

पहिलाच सामना तिच्यामुळे हरलो.

कसा हरलो ते समजायला एक नियम ठाऊक हवा. तीन स्ट्राइक झाले, म्हणजे तीनदा चेंडू हुकला, की बॅट धरणारी बाद, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आधीच्या दोघी बाद असतील, आणि तो तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून निसटला, तर ती अजून बाद नसते. तिनं पहिल्या बेसकडे पळत सुटायचं. चेंडूच्या आधी पोहोचली तर वाचली. आणि नाही पळाली, मान खाली घालून आपल्या बाकाकडे गेली, तर मग बादच.

आम्ही एका धावेनं मागे होतो, डाव शेवटचा, दोघी बाद. मी तिसऱ्या बेसवर टपून बसले होते. बॅटिंगला सॉरी. तिसऱ्या स्ट्राइकला तिनं हवेत बॅट फिरवली आणि चेंडू त्यांच्या कॅचरला चुकवून पार मागच्या जाळीपर्यंत गेला. मी जिवाच्या आकांतानं धावले, होम प्लेटवर पाय आपटला, बरोबरी झाली म्हणून दोन्ही हात वर केले. आणि बघते तर ही बाई बाकाकडे चाललीय! मास्क नाही, मान छातीला टेकलेली, बॅट मागे ओढतेय. आम्ही सगळ्या बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "पळ! पळ!" जसजशा ओरडत होतो तसतशी ती आणखी आक्रसत होती. तिला वाटलं, आम्ही शिव्या घालतोय. ती बाकावर जाऊन बसली. अंपायरनं तिला बाद दिलं, माझी धाव गेली, सामना गेला.

मग मात्र मी खरंच शिव्या घातल्या. "कान आहेत की भोकं?" असं बरंच काही. ती "सॉरी, सॉरी" म्हणत राहिली. आमच्या बुटांकडे बघत म्हणत होती, वर बघायची हिंमत नव्हती.

त्यानंतर ती प्रॅक्टिसला यायची बंद झाली. मॅडमनी फर्मान काढलं, "जिनं जास्त तोंड सोडलं तिनं तिला घेऊन यायचं." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी धुसफुसत गेले.

तिचं घर फ्रेमच्या दुकानाच्या वरच. घर मामाचं. वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून आई आणि ती मामाकडे. मामा-मामी, मामाची दोन पोरं आणि या दोघी, खोल्या दोन. आई स्वयंपाकघरात झोपायची. सॉरीचं अंथरूण स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधल्या बोळात. बोळ तिच्याहून आखूड होता. रात्री ज्याला उठायचं तो तिला ओलांडून जायचा, आणि झोपेत सॉरी म्हणायची ती. मामेभावानं हे मला गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले, तीही हसली.

वाईट कुणीच नव्हतं हो. मामीनं मला आग्रह करून खायला घातलं. सगळे तिला "पोरी" म्हणूनच हाक मारत होते, मायेनंच. मामी कौतुकानं म्हणाली, "आमची पोरगी इतकी गुणाची, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही." आईनं खाली बघून मान हलवली, तिला अभिमान वाटला असावा. मी घास गिळला.

जिन्यात मी तिला म्हटलं, "उद्या ये. मुकाट्यानं ये."

"मुलींना चालेल?"

"मला झेलायला दुसरी आहे कोण? भावोजी?"

ती हसली. दुसऱ्या दिवशी आली.

ती साखळी स्पर्धा होती, एक हार पचत होती, दुसरी पचली नसती. मॅडमनी तिला रोज एकटीला उभं करून एकच गोष्ट घोटून घेतली. बॅट फिरवली, चुकली, की मागे बघायचं. "मान खाली घातलीस की तुला फक्त तुझे बूट दिसतात. चेंडू बुटांत नसतो. मागे बघ!" आणि मैदानाच्या टोकाला उभं करून तिच्याकडून ओरडून घेतलं. आधी "दोन बाद?" असं प्रश्नासारखं यायचं. मग हळूहळू प्रश्न गेला. एके दिवशी तिनं दुसऱ्या बेसवालीला असा आवाज दिला की शेजारी फुटबॉल खेळणारी मुलं थांबली. ती स्वतःच दचकली, तोंडावर ग्लव्ह धरून बसली. आम्ही मैदानात लोळण घेतली.

पुढचे सामने आम्ही जिंकत गेलो. काही नशिबानं, काही माझ्या हातानं, बरेचसे तिच्या. फायनलला पोहोचलो तेव्हा तिनं पितळी हुक ब्रासो लावून चकचकीत केला होता.

फायनलला पूर्ण कॉलेज लोटलं. प्रिन्सिपॉल खुर्चीवर. सॉरीचे मामा दुकान बंद करून आले होते आणि सोबत तिच्या आईला आणलं होतं. आई कशालाही टाळ्या वाजवत होती, आम्ही बाद झालो तरी.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं पुढे. त्यांच्या दोघी बाद, एक जण तिसऱ्या बेसवर. एवढी एक बाद केली की ढाल आमची, खोली आमची. बॅटिंगला त्यांची एक बारीकशी पोर आली, हेल्मेट कपाळावर घसरत होतं. मी पहिला स्ट्राइक घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला चेंडू टाकला. तो येता येता खाली बुडाला. पोरीनं हवेत बॅट फिरवली. मी उडी मारली.

चेंडू एवढा बुडाला की तो सॉरीच्या ग्लव्हच्या कडेला लागून बाजूला घरंगळला. मोसमात पहिल्यांदाच तिच्या हातून काही निसटलं. पण लांब गेला नव्हता. तिनं मास्क भिरकावला, दोन ढांगांत चेंडू उचलला. तिसऱ्या बेसवरची पोरगी तो बघून जागच्या जागी थबकली. आता फक्त पहिल्या बेसला फेकायचा, नाहीतर त्या बारीक पोरीच्या पाठीला नुसता टेकवायचा, की ती बाद.

कारण ती पोर पळतच नव्हती. ती मान खाली घालून आपल्या बाकाकडे चालली होती. तिची टीम घसा फोडून ओरडत होती, आणि ती आक्रसत होती.

सॉरी चेंडू हातात घेऊन तिच्या मागोमाग गेली. हात पुढे केला. आता टेकवणार, म्हणून मी टोपी हवेत फेकलीसुद्धा. त्या पोरीनं वळून बघितलं, आणि सॉरी थांबली.

"पळ!" ती ओरडली. "आउट नाहीस तू! पळ!"

काय आवाज होता! मॅडमनी शिकवलेला, रोज मैदानाच्या टोकाला घोटून घेतलेला तो आवाज. ती पोर क्षणभर हिच्याकडे बघत राहिली आणि मग जीव खाऊन सुटली. मग सॉरीनं चेंडू फेकला. मुद्दाम हळू नाही हो, चांगला जोरात, सरळ फेकला. एका पावलानं उशीर झाला. तो हवेत असतानाच तिसऱ्या बेसवरची होम प्लेटवर आली. बरोबरी.

पुढचा चेंडू मी रागाच्या भरात टाकला. तो टाकायला म्हणून टाकला, मधोमध, पोत्यासारखा. पुढचीनं तो मैदानाबाहेर भिरकावला. संपलं. तो चेंडू माझा होता हे पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही.

तोंडचा घास गेला म्हणतात तसं झालं. प्रिन्सिपॉल खुर्चीतून उठून गाडीकडे गेले. सॉरीच्या आईला काय झालं ते कळलंच नव्हतं, ती टाळ्या वाजवत होती, आणि मामांनी तिचे हात धरून खाली घेतले. ते मी बघितलं. सॉरीनंही बघितलं. तिचा चेहरा असा झाला, की जमीन फाटली असती तर ती पहिली आत गेली असती.

कोठीत भावोजींसमोर मॅडमनी आम्हाला उभं केलं. एरवी मॅडम चिडत नाहीत. त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता. "एवढ्या मुलींची मेहनत होती," त्या म्हणाल्या. "टीमची माफी माग."

आम्हाला वाटलं, आता सुरू होणार. तिचे डोळे भरून आले होते, कानापर्यंत लाल झाली होती. बाकाची माफी मागणारी मुलगी ती.

"नाही, मॅडम," ती म्हणाली.

"काय?"

"हरलो त्याचं वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण माफी नाही मागणार."

तिनं पायाचे गार्ड सोडले, छातीचं गार्ड काढलं, सगळं नीट रचून टेबलावर ठेवलं, आणि भिंतीच्या कडेनं निघून गेली. कोणीही तिला थांबवलं नाही.

मी काही दिवस रागातच काढले. टीममध्ये कुणी तिचं नाव काढलं की मीच सगळ्यात आधी तोंड सोडायची. शेवटी राहवेना, भांडायलाच तिच्या दुकानात गेले. मामा एका बाजूला लाकडी पट्ट्या कापत होते. ती काउंटरमागे काच पुसत होती. पितळी हुक भिंतीवर होता, त्याला एक नमुन्याची रिकामी फ्रेम टांगलेली.

"तुला ती खोली नको होती?" मी सरळच विचारलं.

"हवी होती," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हवी होती."

"मग नुसता चेंडू टेकवायचा होतास गं! काय चुकीचं होतं त्यात? नियम आहे."

ती काच पुसत राहिली. स्वच्छ झालेलीच काच पुसत होती.

"पहिल्या सामन्यात," ती म्हणाली, "मी बाकाकडे येत होते ना, तेव्हा त्यांची कॅचर चेंडू घेऊन आली होती. तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघून ओरडत होतात, म्हणून तुम्हाला ती दिसली नाही. ती माझ्या मागोमाग चालत होती. अगदी जवळून. तिला टेकवायचीसुद्धा गरज नव्हती, मी आपणच जात होते. ती नुसती बघत होती, मी बसते कधी."

मी काउंटरला टेकले.

"मला वाटलं, समजूत घालायला येतेय," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांत एक तरी. मी वळले आणि तिला थँक्यू म्हटलं."

मामांची करवत थांबली होती.

"फायनलला ती पोर वळली ना, तेव्हा तिचं तोंड उघडत होतं," ती म्हणाली. "ती काय म्हणणार ते मला माहीत होतं. ते मला ऐकवलं नसतं. म्हणून ओरडले."

मी काउंटरवरची एक पट्टी उचलली, परत ठेवली. तेव्हा ओरडत होते त्यांत मी सगळ्यात पुढे होते, आणि आम्ही इतक्या जणी ओरडलो, पण पळत जाऊन तिचा खांदा धरून तिला वळवावं असं आमच्यातल्या एकीलाही सुचलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या प्रॅक्टिसला ये," एवढंच पुटपुटले आणि पायरी उतरले.

रस्त्यावर आल्यावर वाटलं, हे काही बरं नाही झालं. मी मागे वळले आणि तिला हाक मारली. ते बाकावरून पडलेलं नाव मला घ्यावंसं वाटेना, म्हणून तिच्या खऱ्या नावानं मारली. ते आठवायलाही मला थोडं थांबावं लागलं.

तिनं वर बघितलंच नाही. काच पुसत राहिली. मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं.

मामांनी मान वर केली. "पोरी, अगं तुला हाक मारतायत."

"मला?" ती म्हणाली.